साहेब मागच्या डब्यात

मामांच्या वर्कशॉपमध्ये कुणी हसत नसलं तरी दिवसभर दात दिसत. शेल्फवर जबडे, खिडकीत जबडे, कधीकधी चहाच्या ट्रेमध्ये वाट चुकलेला एखादा जबडा. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवायचे. मामा त्यावरून प्लास्टरचा साचा ओतायचे, गुलाबी मेणात एकेक दात रोवायचे आणि ती मेणातली कवळी ट्रायलसाठी दवाखान्यात पोचवायचे. ती तोंडात नीट बसली की मगच पक्की कवळी तयार व्हायची.

मामांची भाची त्यांच्या हाताखाली काम करायची. प्लास्टर घासून घासून ती संध्याकाळपर्यंत डोक्यापासून पायांपर्यंत पांढरी व्हायची, म्हणून तिला घरीदारी सगळे खडू म्हणत. तिचं खरं नाव बँकेला माहीत होतं, पण बँकेनेही ते कधी प्रेमाने घेतलं नव्हतं.

मेणातली कवळी स्वभावाने फार नाजूक. ऊन लागलं की मऊ पडते, धक्का बसला की दात सोडते. म्हणून मामा ती दुसऱ्या कुणाच्या हातात देत नसत. स्वतःच्या जुन्या मोटारसायकलच्या मागच्या डब्यात ओल्या फडक्यावर ठेवायची आणि घाट ओलांडून पलीकडच्या दवाखान्यात न्यायची, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. त्यांच्या हातून कधी दात पडला नव्हता.

मग मामांचा एक डोळा बिघडला. पुढचं दिसायचं, पण किती पुढे ते कळायचं नाही. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या विजेच्या खांबाला त्यांनी आरसा घासला आणि घरी येऊन सांगितलं, "नवीन खांब उभा केलाय. कळवायची पद्धतच राहिली नाही."

खांब मामांच्या लग्नाआधीपासून तिथेच होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितलं. मामांनी ते एका कानाने ऐकलं, कारण दुसरा कान मामीकडे होता आणि मामी तर डॉक्टरांपेक्षा मोठ्याने सांगत होती. शेवटी तिने गाडीची किल्ली पिठाच्या डब्यात पुरली.

आता कवळ्या पोचवायच्या कशा? कुरियरने एक पाठवून पाहिली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी डबा उघडला तेव्हा मेण एका कोपऱ्यात आणि दात दुसऱ्यात, जणू दोघांचं भांडण झालं होतं. मग खडू स्वतः बसने गेली. बसमध्ये उकडत होतं. कवळी पोचली, दात सगळे जागेवर होते, पण ओळ अशी वाकली होती की ती कवळी कुणावर तरी संशय घेतेय असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खडू वर्कशॉपवर आली, तर मामा दारात हेल्मेट घालून उभे. हात कोपरापर्यंत पिठाने माखलेले, किल्लीही पांढरीशुभ्र.

"मामा, कुठे निघालात?"

"घाटात."

"डोळा?"

"आहे ना एक. खांबाला तर एकही नसतो."

या युक्तिवादात काहीतरी गडबड होती, पण ती शोधायला वेळ नव्हता. खडूच्या तोंडून शब्द निघून गेले, "मी शिकते गाडी. मी नेईन."

बोलली खरी, आणि लगेच पस्तावली. कारण खडूला मोटारसायकलची भीती वाटायची, आणि ती ऐकीव भीती नव्हती, पोटापाण्याची होती. तरण्याताठ्या माणसाच्या तोंडाचं माप आलं आणि त्यात समोरचे दात नसले, की डॉक्टर फोनवर एकच शब्द सांगत: "बाइक." असे कितीतरी साचे तिने स्वतःच्या हाताने घासले होते. रस्त्याने एखादा पोरगा सुसाट गेला, की बाकीच्यांना पोरगा दिसे, खडूला त्याचे वरचे चार दात दिसत.

मामांनी हेल्मेट काढलं. "बरं," म्हणाले, "पण माझ्या पद्धतीने."

मामांची पद्धत बंद पडलेल्या गोदामामागच्या मैदानात सुरू झाली. आधी त्यांनी तिला हनुवटीसकट तोंड झाकणारं हेल्मेट घातलं. "वरचे चार जिथे असतात ते झाकत नाही, ते हेल्मेट नव्हे, टोपी." मग जाड जाकीट, हातमोजे, घोट्यावर येणारे बूट. मग गाडीभोवती फेरी: टायर, ब्रेक, चेन, दिवे, आरसे. एकेक गोष्ट बोट लावून मोठ्याने म्हणायची. खडू म्हणाली. सगळं जागेवर होतं.

ती बसली. मामा मागे बसायला आले आणि बसण्याआधी त्यांनी तोंडात बोट घातलं, वरचे पुढचे चार दात काढले, रुमालात गुंडाळले आणि शर्टाच्या खिशात ठेवून वर बटण लावलं.

खडू बघतच राहिली. रस्त्यापलीकडून खोटा दात ओळखणारी मुलगी. इतकी वर्षं हा माणूस तिच्यासमोर बसून चहा पीत होता.

"मामा! तुमचे दात!"

"हो, माझेथ," मामा म्हणाले. "क्लच थोड. थावकाश."

खडूने क्लच सोडला. सावकाश सोडायचा बेत होता, पण बोटांना तो कळवलेला नव्हता. गाडीने एक उडी मारली, बंद पडली आणि उभ्या उभ्या आडवी झाली. मामा बसमधून उतरावं तसे शांतपणे बाजूला उतरले होते. खडू गाडीशेजारी मातीत बसून राहिली. जिभेने तिने सगळे दात मोजले. होते.

चहाच्या टपरीवर मामांनी दात परत बसवले आणि मग गोष्ट सांगितली. तरुणपणी ते घाटात खडीवरून घसरले होते. वळणावर खडी सांडलेली होती आणि मामांना घाई होती. "कसली घाई होती ते आता आठवत नाही. दात मात्र रोज आठवतात." ज्या म्हाताऱ्या कारागिराने त्यांना पहिले चार दात करून दिले, त्याच्याकडे मामा रंग जुळत नाही म्हणून इतक्या वेळा तक्रार घेऊन गेले, की शेवटी तो म्हणाला, "बाबा रे, ये, बस इथे आणि तूच कर." असा मामांचा धंदा सुरू झाला.

"आणि खिशात का ठेवता?"

"दुसऱ्याच्या मागे बसलो की काढतो. कुणावर राग नाही. पण हे चार मी स्वतःच्या हाताने केलेत. पुन्हा इतके चांगले जमतील याची खात्री नाही."

"म्हणजे तुमचा माझ्यावर विश्वास नाही."

"आत्ताच गाडी आडवी पाडलीस," मामा म्हणाले. "चहा घे."

पुढच्या दिवशी मामांनी मागच्या डब्यात एक मेणाची कवळी ठेवली. उरलेसुरले, मापात न बसलेले, कुणालाच नको असलेले दात एकत्र करून ती त्यांनी खास बनवली होती. प्रत्येक दात वेगळ्या मापाचा आणि वेगळ्या पिवळेपणाचा. चेहरा नसूनही त्या जबड्यावर भाव असा होता, की आत्ता तो म्हणेल, "आज होणार नाही, उद्या या." म्हणून त्याचं नाव साहेब पडलं.

रोजची शिकवणी साहेबांच्या सोबतीने चाले. फेरी संपली की डबा उघडायचा आणि कोणते दात पडलेत ते बघायचं.

"पुढचे पडले," मामा म्हणत. "पुढचा ब्रेक एकदम आवळलास. आज डावीकडची दाढ. वळणात शिरल्यावर घाबरलीस आणि मग वेग कमी केलास. तो वळणाच्या आधी करायचा."

"आणि सगळेच पडलेत ते?"

"ते मला सांगू नकोस. मी मागेच बसलो होतो."

खडू घरी जाऊन मेण तापवायची, साहेबांचे दात पुन्हा रोवायची. एकदा ती म्हणाली, "मामा, मला नाही जमणार. भीती जातच नाही."

"तिला कुठे घालवतेस? तिला माहीत असतं खडी कुठे सांडलीय. तिला मागे बसव. फक्त हँडल देऊ नकोस तिच्या हातात."

"मागे तर तुम्ही बसता."

"आम्ही सरकून बसू."

हळूहळू साहेबांचे दात टिकायला लागले. खड्डा दिसला की त्याच्याकडे टक लावायची नाही, शेजारचा रस्ता बघायचा, हे तिच्या मानेला समजलं. मैदानावरून ती गल्लीत आली, गल्लीतून मोठ्या रस्त्यावर, आणि लायसन्सच्या परीक्षेत ती इतकी सावकाश वळली की परीक्षकांनी तिला विचारलं, मागे अंडी आहेत का. ती म्हणाली, नाही, दात. त्यांनी पुढे काही न विचारता सही केली.

तरी मामांचं समाधान झालं नव्हतं. पलीकडच्या दवाखान्यातल्या एका आजींची ट्रायल आली, तेव्हा त्यांनी अट घातली. "एकटी जा. एकही दात हलता कामा नये. हलला, तर उद्यापासून मी जाणार आणि मामीने पीठ कितीही मळलं तरी ऐकणार नाही."

हे मामा गमतीने बोलत नव्हते. पहाटे गल्लीत एकटेच चालत जाऊन खांबाचं अंतर पावलांनी मोजताना खडूने त्यांना पाहिलं होतं. तिचा जीव टांगणीला लागला तो तिथे. स्वतःचे वरचे चार तर होतेच पणाला, पण त्यांच्यामागे मामा उभे होते, एक डोळा मिटून.

त्या सकाळी मामा रुसल्यासारखे आत बसून होते. खडूने हेल्मेट, जाकीट, मोजे, बूट घातले. टायर, ब्रेक, चेन, दिवे, आरसे, सगळं बोट लावून म्हटलं. मागचा डबा बंद आहे ना, ते हलवून पाहिलं. आतून नेहमीसारखा भरलेल्या डब्याचा आवाज आला. मामीने खिडकीतून सांगितलं, "जपून जा गं, आणि पोचलीस की फोन कर. फोन करताना गाडी थांबव."

घाटाने तिची परीक्षा घेतली, पण कॉपी करू दिली. प्रत्येक वळणाच्या आधी ती वेग कमी करत होती, बाहेर पडताना हळूच वाढवत होती. एक ट्रक इतका मोठ्याने हॉर्न वाजवत मागे आला, की जुनी खडू असती तर बाजूच्या झाडावर चढली असती. नव्या खडूने डावीकडे जागा दिली आणि त्याला जाऊ दिलं. वरच्या मोठ्या वळणावर, उतरणीच्या बाजूला, तिने खडी सांडलेली पाहिली. परत येताना ही लागणार, तिने मनात नोंदवलं. मागे बसलेल्या भीतीने मान डोलावली.

दवाखान्यात पोचून तिने गाडी स्टँडवर लावली आणि डबा गाडीवरून तसाच काढून दोन्ही हातांनी आत नेला. डॉक्टरीणबाई हात धुवत होत्या. पेशंट आजी खुर्चीत आरसा घेऊन तयारच बसल्या होत्या. महिनोन्महिने मऊ भातावर काढलेल्या त्या बाईंना दम कुठला! त्यांनी स्वतःच झाकण उघडलं, कवळी उचलली आणि तोंडात घातली.

खडूने आजींकडे पाहिलं. आजींच्या ओठांतून साहेब तिच्याकडे बघत होते. आज होणार नाही, उद्या या.

खडूची दातखीळ बसली. कालच्या सरावानंतर तिने साहेबांना डब्यातून काढलंच नव्हतं. मामांनी शिकवलेली एकूण एक तपासणी तिने केली होती, फक्त दात कुणाचे आहेत हे त्या तपासणीत नव्हतं.

आजींनी आरशात डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. खडूचं मन मोडवेना बिचाऱ्यांना. "वंग चांगलाय," त्या जमेल तसं म्हणाल्या. "जवा मोठे वाटतात. होईल थवय."

डॉक्टरीणबाई वळल्या. "अगं बाई! हे कुणाच्या तोंडाचं माप?"

खडूने फोन लावला. मामांनी पहिल्याच रिंगला उचलला. "आजींची कवळी इथे दाराजवळच्या स्टुलावर आहे. ओल्या फडक्यात. तू काय नेलंस?"

"साहेब."

मामांच्या आवाजात एक भयंकर उत्साह आला. "हरकत नाही. मी निघतो."

"कशावर? गाडी माझ्याकडे आहे!"

"शेजारच्या बेकरीवाल्याची मोपेड आहे. नाही म्हणणार नाही तो."

"मामा, तुम्ही जागचे हलू नका. मी येतेय. मामीला फोन द्या! मामी!"

फोन बंद झाला होता. आजींनी साहेब काढून ट्रेमध्ये ठेवले. "ये जाऊन," त्या म्हणाल्या. "माझं विणकाम आहे. आणि पळू नकोस, बाळा. थांबायची सवय आहे मला."

हे शब्द खडूने हेल्मेटमध्ये सोबत घेतले. कारण गाडी सुरू करताना तिच्या हातून ॲक्सिलरेटर आपोआप पिळला जात होता. डोळ्यांसमोर मामा मोपेडवर, घाटाच्या वळणावर, समोरचा ट्रक किती लांब आहे त्याचा अंदाज बांधताना. लवकर, लवकर, असं मागून कुणीतरी म्हणत होतं. खडू दवाखान्याच्या फाटकापाशी थांबली. एक श्वास घेतला. कसली घाई होती ते आता आठवत नाही. तिने साहेबांना डब्यात नीट बसवलं, झाकण लावलं आणि सकाळच्याच वेगाने निघाली.

खडीचं वळण आलं. ते येणार हे तिला माहीत होतं, म्हणून ती वळणाच्या खूप आधीच बैलगाडीच्या वेगाला आली होती. गाडी सरळ ठेवली, ब्रेकला हात लावला नाही, खडीकडे न बघता पलीकडच्या स्वच्छ डांबराकडे पाहिलं. मागचं चाक इंचभर सरकलं. काळीज त्याहून जास्त सरकलं. डब्यात खट्‌ असा आवाज झाला. मग डांबर लागलं. ती थरथरत होती, पण हँडल थरथरत नव्हतं. सकाळी ही खडी दाखवणाऱ्या आपल्या भीतीचे तिने मनापासून आभार मानले. आजवर त्या बिचारीला कुणी धन्यवाद म्हटलं नव्हतं.

गल्लीत शिरली, तर बेकरीसमोर मोपेड उभी. वर मामा, हेल्मेट घालून, इंजिन सुरू. मागे मामी, मांडीवर भाजी निवडायची परात, चेहरा शांत. बेकरीवाला दारात उभा राहून दोघांनाही पाव देऊ करत होता.

"काय चाललंय?" खडूने हेल्मेटची काच वर केली.

"मी म्हटलं, जायचं तर जा, मी पण येते," मामी शेंगा सोलत म्हणाली. "केव्हाची बसलेय. हे निघतच नाहीयेत."

"अगं, तुला मागे घेऊन कसा जाऊ?" मामा चिडले. "एका डोळ्याने मला अंतर कळत नाही!"

मामीने शेंग सोलायचं थांबवलं. मामांनाही आपण काय बोललो ते ऐकू आलं. ते हळूच पुढे वाकले आणि त्यांनी इंजिन बंद केलं.

मग ते खाली उतरले, खडूच्या गाडीमागे गेले आणि सवयीने डबा उघडला. साहेबांचा समोरचा एक दात निखळून फडक्यावर पडला होता. खडूलाही दिसला. अट म्हणजे अट.

मामांनी दात उचलला, उजेडात धरला, चांगल्या डोळ्याजवळ नेला. "कुठे?"

"मोठ्या वळणावर. खडी होती."

"घसरलीस?"

"इंचभर."

"मग?"

"मग आले."

मामांनी जिभेने आपले पुढचे चार दात चाचपले. मग तो दात बोटांनी मेणात परत दाबून बसवला. "हा आधीपासूनच हलत होता," ते म्हणाले. "साहेबांच्या हिरड्या कच्च्या आहेत." आणि स्टुलावरची खरी कवळी आणून त्यांनी स्वतः ओल्या फडक्यावर ठेवली. डब्याची कडी त्यांनी इतक्या हलक्या हाताने लावली, की खडूला एकदम कळलं, हे फक्त कवळी देत नाहीयेत. तिला बरंच काही म्हणायचं होतं. पण ती फक्त म्हणाली, "टायर, ब्रेक, चेन, दिवे, आरसे, दात."

"हां," मामा म्हणाले. "आता पूर्ण झालं."

ती तिसऱ्यांदा घाट चढली. आजी विणत बसल्या होत्या, बाही बरीच पुढे गेली होती. कवळी बसली. आजींनी आरशात पाहिलं. आरसा मांडीवर ठेवला आणि खडूचा मोज्यातला हात दोन्ही हातांत धरून बसून राहिल्या. "दोनदा आलीस," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी कुणी एकदाही घाट चढत नाही." डॉक्टरीणबाईंना कवळी परत काढून घ्यायची होती, पण त्याही थोडा वेळ थांबल्या.

पुढच्या आठवड्यात मामांना डोळ्यांच्या तपासणीला जायचं होतं. "बसने जाऊ," मामी म्हणाली. "रिक्षाने," बेकरीवाला म्हणाला. मामांनी कपाटातून दुसरं हेल्मेट काढलं, हनुवटी झाकणारं, आणि खडूच्या मागे येऊन बसले.

सकाळचा रस्ता मोकळा होता. खडू गल्लीतून निघाली, खांबाला वळसा घातला. खांबाने आजपर्यंत इतका अपमान सहन केला होता, की तिने त्याला मनातल्या मनात नमस्कार केला. मोठ्या रस्त्याला लागताना मागून मामा म्हणाले, "सावकाश. समोर सिग्नल आहे."

"दिसला, मामा."

"सावकाशच जा. आपल्याला कसली घाई नाही."

सिग्नलला गाडी थांबली, आणि तेव्हा कुठे खडूच्या लक्षात आलं. सावकाश. समोर. सिग्नल. एकेक अक्षर धुतलेल्या काचेसारखं लख्ख. तिने मागे वळून पाहिलं. मामांनी हवा लागावी म्हणून हेल्मेटची काच वर केली होती आणि ते आजूबाजूच्या गाड्या बघत होते. शर्टाचा खिसा सपाट होता.

"काय बघतेस? हिरवा झाला," मामा म्हणाले, चारही दातांनिशी.

खडूने समोर पाहिलं, क्लच सोडला. सावकाश.